खोडव्यातलं पाचट न जाळता कसं वापरायचं: तोडणीपासून हिशोबाच्या वहीपर्यंत

डिसेंबर ते मार्च या काळात सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या ऊसपट्ट्यातून संध्याकाळी गेलात तर कुठं ना कुठं रान पेटलेलं दिसतंच. ऊस तुटला, टोळी पुढच्या फडात गेली, मागं राहिलेल्या पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याला, काडी लावली की दोन तासांत रान साफ. जाळणाऱ्याला अडाणी म्हणून काही उपयोग नाही, कारण त्याची कारणं खरी असतात. पाचटातून पाणी पुढं सरकत नाही, पाण्याची पहिली पाळी द्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, पाचटात साप-उंदरांची भीती असते, खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून येणारं पुढचं पीक, नीट फुटणार नाही असं वाटतं आणि मजूर तर मिळतच नाहीत. हा लेख त्या अडचणी धरूनच लिहिलाय, पाचट ठेवायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं, किती खर्च येतो, तो कुठून भरून निघतो आणि कुठं निघत नाही.

आधी जाळल्यावर काय जातं ते बघू. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघतं, म्हणजे एकरी ३ ते ४ टन. त्यात नत्र (नायट्रोजन) अर्ध्या टक्क्याच्या आसपास, स्फुरद (फॉस्फरस) त्याहून कमी आणि पालाश (पोटॅश) पाऊण ते एक टक्का असतो. चार टन धरले तर १६ ते २० किलो नत्र आणि ३० ते ४० किलो पालाश. जाळल्यावर नत्र आणि सेंद्रिय पदार्थ जवळपास सगळे हवेत जातात, पालाश मात्र बराचसा राखेत उरतो. त्यामुळं "राख पण खतच आहे की" असं म्हणणारा अर्धा बरोबर असतो, फक्त ती राख वाऱ्यानं आणि पहिल्या पाण्यानं किती जागेवर राहते हा प्रश्न आहे.

आता २० किलो नत्र म्हणजे युरियाचं एक पोतं सुद्धा नाही. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला मिळतं, सबसिडीमुळं. म्हणजे नत्रापुरतं बोलायचं तर काडी लावून तुमचं नुकसान कागदावर तीनशे रुपयांच्या आतच होतं! पाचटात हजारोंचं खत आहे असं सांगून लोकांना पटवायला गेलं की ते पटत नाही ते यामुळंच, शेतकऱ्याला पोत्याचा भाव तोंडपाठ असतो. माझं म्हणणं असं की पाचटाचा फायदा खताच्या पोत्यात मोजायचाच नाही. पैसा वाचतो तो खुरपणीत, मशागतीत, बांधणीत, पाण्याच्या पाळ्यांत आणि चार-पाच वर्षांनी जमिनीच्या दमात, आणि तो वाचवायचा असेल तर कामं वेळेवर आणि क्रमानं झाली पाहिजेत. पाचट नुसतं पसरून सोडून दिलं तर खोडवा बिघडतो आणि मग माणूस पुढच्या वर्षी परत काडी लावतो.

खोडवा ठेवायचा की नाही हे तोडणीआधी ठरवा

प्रत्येक फडाचा खोडवा ठेवण्यासारखा नसतो. कृषी विद्यापीठाची साधी कसोटी अशी की लागणीच्या (नव्यानं लावलेल्या) उसाचं उत्पादन हेक्टरी १०० टनांच्या आसपास आणि उसांची संख्या हेक्टरी एक लाख असेल तर खोडवा ठेवावा, म्हणजे एकरी ४० टन आणि ४० हजार ऊस. फडात चाबूक काणी किंवा गवताळ वाढ या रोगांची बेटं जागोजाग दिसत असतील तर खोडव्याच्या भानगडीत पडू नका, तो रोग पुढं वाढतच जातो. ऊस तुटायच्या आधी बांधावरून नाही तर आत शिरून एक चक्कर मारा, किती नांग्या (ऊस नसलेल्या मोकळ्या जागा) आहेत बघा. आणि खोडवा शक्यतो १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच ठेवा, उशिरा ठेवलेला खोडवा उन्हाळ्यात फुटतो, फुटवे मरतात, खोडकीड जास्त लागते, आणि मग त्याचा दोष पाचटाला दिला जातो.

टोळीशी बोलणं

ही पायरी लेखांमध्ये सहसा नसते पण अर्धं काम इथं होतं. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून आलेली माणसं पहाटेपासून फडात असतात, त्यांना टनावर पैसे मिळतात, त्यामुळं त्यांचा हात भराभर चालणार. ऊस जमिनीलगत तोडायला सांगायचा असेल तर मुकादमाशी आदल्या दिवशी नीट बोला. बुडखा (तोडल्यावर उरणारा खुंट) वर राहिला तर तुमचा सगळ्यात जास्त साखरेचा भाग रानात राहतो, वजन जातं, वर खोडवा वरच्या डोळ्यांतून फुटतो आणि त्या कोंबाची मुळं वरच्यावर राहतात. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) टोळी नेते, ते जनावराला जातात, ते पाचटात धरायचे नाहीत. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा की फड संपल्यावर कुणीही काडी लावायची नाही, कारण बऱ्याचदा मालकाला न विचारताच पेटवलं जातं.

तोडणीआधीच उभा ऊस पेटवून तोडणं हा प्रकार तर टाळाच. जळीत उसाचं वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) दोन्ही घटतात, कारखाना कपात करतो, आणि आग शेजारच्या उभ्या उसात गेली की भावकीत आयुष्यभराचं वैर.

हार्वेस्टरनं तोडणी असेल तर पाचटाचे तुकडे सगळ्या रानावर सारखे पसरतात. दिसायला छान वाटतं, पण ते बुडख्यावर पण पडलेले असतात, त्यामुळं पुढची पायरी हार्वेस्टरवाल्यांनी जास्तच मनावर घ्यावी. ओल्या रानात मशीन किंवा भरलेली ट्रॉली घालू देऊ नका, जमीन दबली की ती मोकळी व्हायला खूप वेळ जातो आणि दबलेल्या जागी खोडवा फुटत नाही हे कुणालाही बघून कळतं.

बुडखे मोकळे करा, पाचट सरीत घ्या

तोडणी झाली की पहिल्या आठवड्यातच पाचट बुडख्यांवरून बाजूला सरीत ओढून घ्यायचं. सरी मोठी असेल, साडेचार-पाच फुटांची, तर हे काम सोपं जातं, तीन फुटी सरीत पाचट मावत नाही हे खरंय. अशा वेळी एक सरी पाचटाची आणि एक सरी पाण्याची ठेवायची, म्हणजे एकाआड एक. पाणी सरकत नाही ही तक्रार यातून बरीचशी मिटते आणि पाणी पण कमी लागतं.

बुडख्यावर ऊन पडलं पाहिजे. खोडवा नीट फुटत नाही ही जी भीती आहे ना ती बहुतेक वेळा बुडखे झाकलेले राहिल्यामुळं खरी ठरते. मग जे बुडखे वर राहिलेत ते धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, आणि छाटल्यावर लगेच बुरशीनाशक मारा, कार्बेन्डाझिम १ लिटर पाण्याला १ ग्रॅम. जमिनीखालच्या डोळ्यांतून येणारे कोंब जोमदार असतात, त्यांना स्वतःची खोल मुळं येतात. छाटणी करताना मजुरांना बूट द्या. पाचटात साप असू शकतो, आणि आधी काठीनं हलवून मग हात घालायचा हे सांगायला लाजू नका.

ट्रॅक्टरचं पाचट कुट्टी मशीन गावात भाड्यानं मिळत असेल तर जरूर वापरा. बारीक झालेलं पाचट लवकर कुजतं, पाण्याला अडवत नाही. मात्र मशीन बुडख्यांना उचकटत नाही ना हे पहिल्या दोन सऱ्या झाल्या की थांबवून बघायचं.

युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू

एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू, हे माप लक्षात ठेवा. एकरी चार टन धरले तर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर आणि ४ किलो जिवाणू खत. आधी युरिया आणि सुपर पाचटावर सारखं फेकून घ्यायचं. जिवाणू मात्र रासायनिक खतात मिसळायचे नाहीत, ते ओलसर शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मिसळून संध्याकाळच्या वेळी वेगळे पसरायचे. आणि लगेच पाणी. कोरड्या पाचटावर जिवाणू टाकून आठ दिवस पाण्याची वाट बघत बसलात तर ते पैसे वाया.

इथं युरिया कशाला असं बरेच जण विचारतात. पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र अगदी कमी असतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतंच, ते पाचटात मिळालं नाही की ते जमिनीतलं ओढतात, आणि तेवढ्या काळात खोडवा पिवळा पडतो. पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला असं ज्यांचं झालं त्यांनी बहुधा हीच पायरी गाळलेली असते. नत्र कायमचं जात नाही, पाचट कुजल्यावर परत मिळतं, पण फुटव्यांच्या दिवसात पीक त्यासाठी वाट बघत थांबत नाही.

पहिलं पाणी सावकाश द्या आणि थोडं भरपूर द्या, म्हणजे पाचट भिजून खाली बसतं. त्यानंतर माणसांनी सरीतून चालत पायानं दाबलं तर आणखी बरं, मातीला लागलेलं पाचट कुजतं, अधांतरी राहिलेलं नुसतं वाळतं. नीट केलं तर तीन-चार महिन्यांत ते काळं पडून हातात चुरगळायला लागतं. ठिबक असेल तर नळ्या तोडणीआधी गोळा करून पाचट सरीत घेतल्यावर परत पसरायच्या. रान पेटवताना या नळ्या वितळून गेलेल्या तर खूप जणांच्या आहेत, जाळण्याच्या "फुकट" हिशोबात ते कुणी धरत नाही.

नांग्या भरणं

थोडक्यात, दोन फुटांपेक्षा जास्त मोकळी जागा दिसली की प्लॅस्टिक ट्रे किंवा पिशवीतली त्याच जातीची रोपं लावा, आणि ती तोडणीआधी महिनाभर तयार करायला टाका. तोडणी झाल्यावर रोपं शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो.

खत पहारीनं, वरून फेकायचं नाही

खोडव्याला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश अशी आहे, म्हणजे एकरी १००, ४६, ४६. हे दोनच वेळा द्यायचं. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी. एका हप्त्याला एकरी साधारण १०९ किलो युरिया, १४४ किलो सुपर फॉस्फेट आणि ३८ किलो म्युरेट ऑफ पोटॅश येतं. तिन्ही एकत्र करून पहारीनं बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक पाडायचं, एक-एक फुटावर, खत टाकून मातीनं बुजवायचं. पहिला हप्ता सरीच्या एका बाजूला, दुसरा विरुद्ध बाजूला. वाफसा (रान ना कोरडं ना चिखल) असताना करा, चिखलात पहार मारली तर भोक बुजत नाही.

काम कटकटीचं आहे, हे मान्यच. पण ओल्या पाचटावर युरिया वरून फेकला की त्याचा बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो, आणि पाण्याबरोबर खाली गेलेला नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात उतरतो. जमीन सतत तुडुंब ओली असेल तर त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साईड बनून हवेत जातो, आणि हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साईडच्या २५० पटीहून जास्त वाईट. मातीत पुरलेलं खत पिकाला मिळतं आणि तणाला मिळत नाही, एवढं एक कारण सुद्धा पुरेसं आहे. पाचट कुजवायला टाकलेला युरिया या हप्त्यात मोजायचा नाही, तो वेगळा.

माती परीक्षणाचा कागद असेल तर हे आकडे त्याप्रमाणं कमी-जास्त करा. नसेल तर "शेजाऱ्यानं सहा पोती टाकली म्हणून मी सात" एवढं तरी नको.

जे करायचं नाही ते

बगला फोडणं (सरीच्या कडा नांगरणं), जारवा तोडणं (जुनी मुळं तोडणं), मोठी बांधणी (बुडाला माती चढवणं), ही जुनी कामं या पद्धतीत करायची नाहीत. पाचट सरीत असताना नांगर किंवा कुळव घालता पण येत नाही आणि गरज पण नसते. अनेकांना हेच सगळ्यात अवघड जातं, रान हलवलं नाही तर शेती केल्यासारखंच वाटत नाही. पण डिझेल आणि भाड्याचा मोठा खर्च इथंच वाचतो. तण पाचटाखाली बरंचसं दबतं, हरळी आणि लव्हाळा मात्र वर येतात, ते दिसतील तसे हातानं काढा. हुमणीचा (मुळं खाणाऱ्या अळीचा) त्रास असलेल्या रानात पहिल्या वळवानंतर बांधावरच्या कडूनिंब-बाभळीवर येणारे तिचे भुंगेरे गावानं मिळून गोळा केले तर फरक पडतो, एकट्यानं करून फारसा पडत नाही.

पाणी, आणि त्याचा न दिसणारा हिशोब

पाचटाखालची जमीन ओल धरून ठेवते, दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवता येतं. एक एकर रानाला ७-८ सेंटिमीटरची पाटाची एक पाळी म्हणजे जवळजवळ तीन लाख लिटर पाणी. वर्षात अशा चार पाळ्या वाचल्या तर बारा लाख लिटर.

पण यातले पैसे तुमच्या खिशात दिसत नाहीत. उपसा संस्थेची (नदीचं पाणी उचलून रानाला देणाऱ्या संस्थेची) पाणीपट्टी बऱ्याच ठिकाणी एकरावर असते, किती पाळ्या घेतल्या यावर नाही. आणि २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषीपंपांचं बिल सरकारनं माफ केलंय. म्हणजे पाणी कमी दिलं तरी तुमचा खर्च तितकाच, मग कोण वाचवेल? मला हा प्रकार मनापासून चुकीचा वाटतो, कारण त्याची किंमत पुढं जमीन चुकवते. शिरोळ, वाळवा, मिरज या तालुक्यांत नदीकाठची काळी कसदार रानं जास्त पाण्यानं आणि निचऱ्याअभावी क्षारपड झालीत, वर पांढरं मीठ फुटलेलं दिसतं, तिथं ऊस काय गवत सुद्धा धड येत नाही. ती परत सुधारायची तर जमिनीत सच्छिद्र पाईप गाडून निचरा करावा लागतो, त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही आणि पाणी काढून द्यायला खालच्या सगळ्या शेतकऱ्यांची संमती लागते. वाचवलेल्या प्रत्येक पाळीचा हिशोब या खर्चाशी मांडायचा. दुसरा फायदा लगेचचा आहे, रात्रीच्या लायटीला रानात जायच्या फेऱ्या कमी होतात.

एक सावधगिरी. रान आधीच चिबड असेल, पावसाळ्यात पाणी साचत असेल, तर सगळ्या सऱ्यांत पाचट भरू नका. तिथं ओल धरून ठेवणं हाच तोटा आहे. एकाआड एक सरी आणि आधी चर काढून निचरा.

वहीतला हिशोब

आता पैसे मांडू. मजुरीचे भाव गावागणिक वेगळे, त्यामुळं हे समजा म्हणून धरा आणि तुमचे आकडे टाका. पाचट ओढायला आणि बुडखे छाटायला मिळून चार मजूर, ४०० रुपयांनी १६००. युरिया ३२ किलोचे १९०. सुपरचं जवळपास एक पोतं ५०० धरा, जिवाणू ४००. एकूण २७०० च्या आसपास.

२०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान भाव) १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. समजा तुमच्या हातात २७०० पडले. म्हणजे पाचटाचा सगळा खर्च एकरी एक टन उसाएवढा. आता दुसऱ्या बाजूला लिहा: एक खुरपणी किंवा एक तणनाशक फवारणी, बगला फोडायचं आणि बांधणीचं ट्रॅक्टर किंवा बैलाचं भाडं. बहुतेक ठिकाणी या दोन ओळींतच खर्च निघून जातो, उत्पादन एक किलोनं वाढलं नाही तरी. वर खोडव्याला बेणं नाही, नांगरट नाही, तो लागणीपेक्षा लवकर तयार होतो, त्यामुळं नीट सांभाळलेला खोडवा एकरी टन थोडा कमी देऊनसुद्धा लागणीपेक्षा जास्त शिल्लक ठेवू शकतो. आपल्याकडं त्याला सावत्र पोरासारखं वागवलं जातं म्हणून तो कमी येतो.

एखादा माणूस बेलर (पाचटाचे गठ्ठे बांधणारं मशीन) घेऊन पाचट विकत न्यायला आला तर टनाच्या भावावर लगेच हो म्हणू नका. जाळल्यावर निदान पालाश राखेत उरतो, विकल्यावर तो सुद्धा बांधाबाहेर जातो. पोटॅशच्या पोत्याचा चालू भाव, वाचलेली खुरपणी आणि वाचलेलं पाणी धरूनच सौदा करा.

कर्ब वाढायला किती वर्षं

इथं लोकांना खोटी आशा दाखवली जाते. एक एकराची वरची १५ सेंटिमीटर माती म्हणजे साधारण ९ लाख किलो. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर ९०० किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. चार टन पाचटात साधारण दीड टन कर्ब असतो, पण कुजताना त्यातला बहुतेक कार्बन डायऑक्साईड होऊन जातो, जमिनीत टिकतो तो अंदाजे दहा ते वीस टक्के. म्हणजे वर्षाला दोनशे किलोच्या आसपास. एका खोडव्यानं कागदावरचा आकडा हलणार नाही, चार-पाच वर्षं सलग पाचट ठेवलं आणि नांगरट कमी केली तर हलेल.

मग कुजून पण कर्ब हवेतच जाणार तर जाळलं काय आणि कुजवलं काय, असा प्रश्न कुणी विचारला तर तो प्रश्न बरोबर आहे. तो कर्ब त्याच वर्षी हवेतून उसात आलेला असतो. फरक असा की जाळताना काजळी, बारीक धूलिकण आणि कार्बन मोनॉक्साईड निघतात, ते आपल्याच गावातल्या लेकरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातात, आणि जमिनीला काहीच मिळत नाही. कुजताना गांडुळं आणि जिवाणू त्यावर जगतात, मातीची घडण सुधारते, पाऊस आत मुरतो.

मातीचा नमुना दरवर्षी एकाच महिन्यात, एकाच प्लॉटमधून घ्या, खोडवा तुटल्यावर आणि खत टाकायच्या आधी. बुडख्याजवळून किंवा पहारीच्या भोकाजवळून माती घेऊ नका, आकडे फसवे येतात. एका कोपऱ्यात चार सऱ्या तुमच्या जुन्या मशागतीनं, पाचट बांधावर काढून ठेवून करा, त्यांचा खर्च आणि वजन वेगळं लिहा, म्हणजे दोन वर्षांत तुमच्याच रानातला फरक तुमच्याच वहीत असेल. शेवटच्या खोडव्यानंतर बुडखे रोटाव्हेटरनं मोडून पाचट तिथंच गाडा आणि ताग किंवा धैंचा पेरा, फुलोऱ्याच्या सुमारास तो पण गाडून मग पुढचं पीक घ्या.